रूपसिंगचं वचन आणि माझी विहीर

मला जन्मात एकाच माणसाचा हेवा वाटला, तेव्हा कोणी मला हेवेखोर म्हणू नये. स्टेशनमास्तरांकडे ग्रामोफोन आला तेव्हा मला काही वाटलं नाही. त्यांच्याकडे तबकड्या दोनच होत्या. धुळ्याच्या ट्रेनिंग कॉलेजात माझ्या शेजारी बसणारे एक गृहस्थ पुढे डेप्युटी झाले, तेही मी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना मूळव्याध होती. पण रूपसिंग गाडीवाल्याचा हेवा मला सलग चार वर्षं वाटला, आणि कापणीनंतरच्या उपकारस्तुतीच्या रविवारी तर असा वाटायचा की दुपारी घास उतरत नसे.

आमचं गाव नंदुरबार आणि नवापूरच्या मधलं, दिवसाला दोन गाड्या थांबणारं. गावात मिशनची शाळा, शाळेत मी हेडमास्तर. दुसरा मास्तर नव्हता, पण त्यानं हेडमास्तराचा हुद्दा कमी होतो असं कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. शाळेपलीकडे कौलारू देऊळ, म्हणजे आमचं चर्च. मंडळीतले बहुतेक लोक डोंगराकडचे ख्रिस्ती. घराघरांत बोली वेगळी, पण देवळाच्या अंगणात सगळ्यांची मिळून अहिराणी. शुद्ध मराठी बोलणारे आम्ही दोघेच, पाळकसाहेब आणि मी, आणि पाळकसाहेबही चिडले की अहिराणीवर येत. मी मात्र चिडलो तरी शुद्धच चिडायचो. माझी आई घरात काय बोलायची हे मी ट्रेनिंग कॉलेजात प्रयत्नपूर्वक विसरून आलो होतो.

आता आमची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. एक जानेवारीच्या उपासनेत पाळकसाहेब एक लाकडी पेटी घेऊन बाकांमधून फिरत. पेटीत रंगीत कार्डं, प्रत्येकावर शास्त्रातलं एक वचन. घरटी एकानं डोळे मिटून एक कार्ड उचलायचं. ते देवानं त्या घराला त्या वर्षासाठी दिलेलं वचन. कार्ड भिंतीला लावायचं, आणि नोव्हेंबरात भात घरी आलं की उपकारस्तुतीच्या रविवारी उभं राहून, देवानं आपलं वचन कसं पाळलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. याला आम्ही साक्ष देणं म्हणतो.

रूपसिंगला स्वतःचं नाव लिहिता येत नसे. स्टेशनवरचा माल बैलगाडीनं खेडोपाडी पोचवायचा हा त्याचा धंदा. पण त्यानं पेटीत हात घातला की उत्तम वचन बरोबर त्याच्या बोटांना लागायचं. एका वर्षी जाण्यायेण्यात सांभाळण्याचं वचन निघालं, आणि त्याच वर्षी घाटात त्याच्या गाडीचं चाक निखळून गाडी दरीच्या काठावर अर्धी लटकली. पुढच्या वर्षी हिंस्र श्वापदांपासून राखण्याचं निघालं. लगेच बिबट्या हजर. साक्ष देताना रूपसिंग स्वतः बैल व्हायचा, बिबट्या व्हायचा, एकदा तर निखळलेलं चाकही झाला. बायकांच्या बाजूनं हुंदके यायचे. त्या हुंदक्यांत एक हुंदका मला चांगला ओळखीचा होता. तो माझ्या बायकोचा, मोगराचा होता.

आणि माझं कार्ड? तीन वर्षं सलग सहनशीलता. सहनशीलतेचं वचन पुरं झालं असं सांगायचं म्हणजे काय काय सोसलं तेही सांगायला हवं, आणि मी ज्यांना सोसत होतो त्यांतले निम्मे लोक पहिल्या दोन बाकांवर बसलेले. म्हणून मी दर वर्षी म्हणायचो, "परमेश्वराच्या कृपेने सरते वर्ष सुखरूप गेले, त्याबद्दल मी त्याचा शतशः ऋणी आहे." एवढ्या वेळात आया लेकरांची अंगडी बदलून घेत.

घरी आल्यावर मोगरा डाळ वाढता वाढता म्हणायची, "काय साक्ष देतो हो रूपसिंगभाऊ! अंगावर काटा येतो."

"मीही दिली," मी म्हणायचो.

"तुमचं काय," ती अगदी मायेनं म्हणायची, "तुम्हाला बिचाऱ्यांना काही होतच नाही."

तिच्या बोलण्यात कुत्सितपणा नसायचा, हेच मला जास्त लागायचं. मला बिबट्या नको होता. माझ्या साक्षीनं एकदा, फक्त एकदा, मोगराचे डोळे ओले व्हावेत एवढीच माझी इच्छा होती. लग्नाला अकरा वर्षं झालेल्या माणसाची ही इच्छा फार मोठी आहे असं मला अजूनही वाटत नाही.

छत्तीस सालच्या एक जानेवारीला मी पेटीत कोपरापर्यंत हात घातला आणि तळातलं कार्ड काढलं. त्यावर वचन असं होतं, की दुसऱ्याचं भलं गुपचूप करावं, म्हणजे देव त्याचं फळ उघडपणे देईल. मी कपाळाला हात लावला. हे वचन पुरं झालं तरी सांगायची सोयच नाही! गुपचूप केलेलं भलं मंडळीत उभं राहून सांगितलं की ते गुपचूप राहत नाही, आणि नाही सांगितलं की साक्ष होत नाही. असं वचन हेडमास्तराला देण्यात काय मतलब होता हे मला कळेना.

एवढ्यात मागच्या बाकावरून रूपसिंगनं आपलं कार्ड पुढे केलं. त्याची कार्डं दर वर्षी मीच वाचून देत असे. "मास्तर, काय लिखेल शे यामा, वाची द्या बरं."

मी पाहिलं. कोरड्या जमिनीत पाणी देण्याचं, खडकाळ जागी झरे फोडण्याचं वचन होतं. निळं कार्ड, सोनेरी कड. माझ्या एका हातात त्याचं कार्ड, दुसऱ्या हातात माझं. मी तोंड उघडलं आणि त्याला माझं कार्ड वाचून दाखवलं. मग तेच त्याच्या हातात दिलं.

शास्त्रात आशीर्वाद पळवल्याची एक गोष्ट आहे. ज्या थोर पुरुषाचं अब्राहाम हे नाव मला ठेवलं आहे, त्याच्याच नातवानं तो पळवला. पण त्यानं निदान हातांना करडाचं कातडं गुंडाळण्याचे कष्ट घेतले होते. मला तेवढेही पडले नाहीत.

रूपसिंगनं कार्ड कपाळाला लावलं. "गुपचूप भलं करानं," तो स्वतःशीच पुटपुटला. "कठीन शे. मन्हा तोंडमा काही ऱ्हात नही." आणि तो खिशात कार्ड जपून ठेवत निघून गेला. त्या क्षणी मला थोडं वाईट वाटलं, पण घरी पोचेपर्यंत ते गेलं.

आता पाण्याचं वचन भिंतीला लावून नुसतं बसण्यात अर्थ नव्हता. मोगरा पाण्यासाठी दोन घागरी घेऊन स्टेशनच्या विहिरीवर जायची. आमच्या क्वार्टरच्या आवारात खडक होता. म्हणजे कोरडी जमीन होती, खडकाळ जागा होती, वचन होतं. फक्त विहीर नव्हती. मी ठरवलं की विहीर खणायची. देवानं झरा फोडावा, मी खड्डा खणावा, आणि नोव्हेंबरात अशी साक्ष द्यावी की रूपसिंगचा बिबट्या मांजरासारखा दिसावा.

माझा बेत मी कुणालाच सांगितला नाही, त्यामुळे तो गावभर झाला. स्टेशनवरचा हमाल भटू कुंपणापलीकडे राहायचा. तो त्याच दिवशी बिडी ओढत येऊन उभा राहिला.

"मास्तर, हिर खंदी ऱ्हायनात म्हने? पाणाड्याले बोलाय का? बिगर पाणाड्याना हिर खंदसात ना, मंग खड्डा व्हस, हिर व्हत नही."

गावचा पाणाड्या, म्हणजे जमिनीतलं पाणी शोधून देणारा, खात्या नावाचा होता. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून चालायचा, आणि जिथे नारळ उभा राहील तिथे पाणी. पण नारळ दिसताच पाळकसाहेबांनी आक्षेप घेतला, की वचन देवाचं, मग नारळ कशाला? त्यावर मंडळीच्या पंचांची बैठक बसली. नारळाऐवजी पपई चालेल का, असा एक विचार निघाला. खात्यानं पपई हातावर घेतली, आवारभर फिरला आणि म्हणाला, "हाई झोपेलच ऱ्हास." शेवटी तोड निघाली, की नारळ हा खाण्याचा पदार्थ असल्यानं तो हातात घेऊन आवारात फिरायला कोणाची हरकत असू नये, आणि त्या वेळी पाळकसाहेबांनी देवळाकडे तोंड करून उभं राहावं. तसे ते राहिले. नारळ आमच्या स्वयंपाकघरात, चुलीपाशी, ताडकन उभा राहिला.

"पानी शे," खात्या म्हणाला. "पन तुम्हनी चूलखाल शे."

मोगरानं चूल हलवायला साफ नकार दिला. मी वचनाचा हवाला दिला. ती म्हणाली, वचनात जमीन लिहिली आहे, चूल लिहिलेली नाही. तिचा शास्त्राचा अभ्यास इतका बारीक असेल हे मला ठाऊक नव्हतं. मग खात्यानं दुसरी, जरा कमी प्रतीची जागा कुंपणाच्या बाजूला दाखवली.

कुंपण रेल्वेचं निघालं. स्टेशनमास्तरांनी वरच्या कचेरीत लिहायला सांगितलं. महिन्यानं उत्तर आलं, की विहीर रुळांच्या दिशेनं वाढणार नाही याची लेखी हमी द्यावी. मी दिली. विहीर खाली वाढते, आडवी नाही, हेही खुलाशादाखल लिहिलं. त्यावर, हा खुलासा कुठल्या नियमाखाली केला आहे अशी विचारणा झाली. इकडे मिशनच्या इमारत कमिटीचा फॉर्म आला. त्यात "खोली" या रकान्यात मी "पाणी लागेपर्यंत" असं लिहिलं. फॉर्म परत आला; अंकांत लिहावे. मी तीस हात लिहिलं. फॉर्म पुन्हा परत आला. तीस हातांवर पाणी लागेल यास आधार काय? आधार म्हणून मी वचनाची नक्कल जोडली. कमिटीत सगळे धार्मिक लोक असल्यानं त्यांना नाही म्हणता येईना, आणि मे महिन्यात परवानगी आली.

दिवाल्या आणि जालमसिंग या दोघांनी खणायला सुरुवात केली. आठ हातांवर काळा खडक लागला. भटू म्हणाला, सुरुंग लावा. सुरुंग लावला. एक दगड स्टेशनमास्तरांच्या ओसरीत गेला. ग्रामोफोन वाचला, दोनपैकी एक तबकडी गेली. त्यानंतर स्टेशनमास्तर उरलेली तबकडी मी दिसलो की मुद्दाम लावू लागले.

या सगळ्या काळात रूपसिंग रोज गाडी हाकत आवारावरून जायचा, बैल थांबवायचा आणि विहिरीत डोकावायचा. "लागनं का पानी, मास्तर?" त्याच्या चेहऱ्यावर एवढी काळजी असायची की मला त्याचाही राग यायचा. दुसऱ्याच्या दुःखानं हळहळणं हेसुद्धा त्याला माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं.

जुलैत पाऊस झाला आणि विहिरीत चार हात पाणी साचलं. मी नाचायचाच बाकी होतो. त्याच सुमारास पाळकसाहेबांनी नवा नियम काढला. गेल्या वर्षी साक्षी संध्याकाळपर्यंत लांबल्या होत्या (त्यात एकटा बिबट्या पाऊण तास होता), म्हणून यंदा साक्ष देणाऱ्यानं आधी वहीत नोंद करायची. वचन काय, पुरं कधी झालं, आणि पंचांनी समक्ष पाहिलं की नाही. मी पहिल्या पानावर पहिलं नाव लिहिलं. वचन: कोरड्या भूमीत पाणी. पूर्ती: पंधरा जुलै. पंचांची पाहणी मात्र उपकारस्तुतीच्या आदल्या दिवशी व्हायची होती.

पुढचं पान रूपसिंगचं होतं. त्यानं पाळकसाहेबांना वचनाच्या रकान्यात "गुपचूप भलं करणे" असं लिहायला लावलं, आणि पूर्तीचा रकाना कोरा ठेवला. "बाकी शे," एवढंच म्हणाला. मला आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या. यंदा रूपसिंगचा रकाना कोरा होता.

ऑक्टोबरच्या उन्हानं विहिरीतलं पाणी हाताहातानं खाली गेलं. नोव्हेंबर उजाडला तेव्हा तळाशी फक्त ओला गाळ होता, आणि आठवड्याभरात त्याला भेगा पडल्या. ते पावसाचं पाणी होतं. झरा नव्हताच. मी काठावर बसून आत पाहायचो. वहीत नाव, तारीख, सगळं लिहून झालेलं. आता उठून काय सांगू? आणि मोगरा, जिनं सहा महिने त्या मुरुमाच्या ढिगाला वळसा घालून स्टेशनवरून पाणी आणलं, ती काय म्हणेल? ती एकदा संध्याकाळी माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "नसेल लागत पाणी तर नसू द्या. सांगा तसं."

"वचन आहे," मी म्हणालो. वचन कोणाचं होतं ते मात्र म्हणालो नाही.

उपकारस्तुतीच्या आधीच्या बुधवारी शाळेतून परतलो तर विहिरीच्या तळाशी वीतभर पाणी चमकत होतं. गुरुवारी दीड हात. शुक्रवारी तीन हात. मी धावत घरात गेलो. "मोगरा! झरा फुटला!"

मोगरा भाकरी थापत होती. तिनं मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा भाकरीकडे बघितलं. "बरं झालं," ती म्हणाली. मला वाटलं, आनंदानं तिला बोलवत नाही.

शनिवारी पंच आले, विहिरीत डोकावले, एकमेकांकडे बघितलं आणि वहीत "पाहिले" असं लिहून गेले. नानीबाई म्हणून एक म्हाताऱ्या पंच होत्या, त्या जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. मी दुपारभर बसून चार पानांची साक्ष लिहिली. शुद्ध मराठीत, अलंकारांसह.

रविवारी देऊळ भरलं होतं. पुढच्या टेबलावर भाताच्या लोंब्या, भोपळे, तूर, कोंबडीची अंडी, आणि मधोमध माझी काचेची बरणी. पहाटे अंधारात उठून मी स्वतः पोहऱ्यानं विहिरीचं पाणी काढून तीत भरलं होतं. लोकांनी वचन डोळ्यांनी पाहावं, ही माझी कल्पना. मी उभा राहिलो. डोंगराळ प्रदेशातील जलाभावापासून सुरुवात केली, इमारत कमिटीचा श्रद्धेअभावी झालेला विलंब सांगितला, काळा खडक सांगितला, आणि तिसऱ्या पानावर आलो. बायकांच्या बाजूला सगळं शांत होतं. मी चोरून पाहिलं. मोगरा मान खाली घालून बसली होती. मला वाटलं, आता रडेल.

"आणि ज्या पाषाणावर सुरुंगही हरले," मी आवाज चढवला, "त्या पाषाणातून त्याने हे निर्मळ जल, ज्यात मानवी हाताचा स्पर्श नाही..." आणि बरणीकडे हात केला.

पहिल्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसऱ्या बाकावर. नानीबाई उठल्या, काठी टेकत टेबलापर्यंत आल्या आणि बरणीला नाक लावून पाहिलं.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "हाई तर नेसूनी मासोळी शे."

बरणीत बोटभर चांदीसारखी मासोळी इकडून तिकडे पळत होती. आमच्या गावाखालून वाहणाऱ्या नेसू नदीत अशा मासोळ्या खंडीनं असतात. तीस हात खडकाखालच्या झऱ्यात त्या नसतात, हे देवळातल्या तान्ह्या पोरांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. क्षणभर माझ्या मनात आलं की मासोळी हा आणखी एक चमत्कार म्हणून सांगावा. मी तोंडही उघडलं. पण तोवर देऊळ हसण्यानं हलायला लागलं होतं.

पाळकसाहेबांनी टेबलावर हात आपटला. "हिरमा पानी कोन टाकं?" चिडले होते, अहिराणीवर आले होते.

सगळी मंडळी वर कौलांकडे बघू लागली. दिवाल्या बघत होता, जालमसिंग बघत होता, स्वतः पाळकसाहेबही प्रश्न विचारून झाल्यावर वरच बघत होते. माझ्या लक्षात आलं की हे मला सोडून सगळ्यांना माहीत आहे. बुधवारपासून भर दुपारी, मी शाळेत असताना, कुणाची तरी गाडी नदीवरून पिंपं भरभरून माझ्या आवारात येत होती, आणि गावात पिंपं वाहणारी गाडी एकच होती.

"पुढची साक्ष," पाळकसाहेब घाईघाईनं म्हणाले. "रूपसिंग."

रूपसिंग उठला. नेहमीसारखा खाकरला नाही, बाह्या वर केल्या नाहीत. हातात ते कार्ड होतं, घामानं मऊ झालेलं. "मन्हं वचन पुरं व्हयनं," तो म्हणाला. "देवना आभार. पन काय व्हयनं ते मी सांगाव नही. वचनच तसं शे." आणि तो खाली बसला.

एवढंच. बिबट्या नाही, चाक नाही, चार वाक्यं आणि तीही तोकडी. आणि बायकांच्या बाजूनं जो हुंदका उठला तो पुरुषांच्या बाजूला पोचला. भटू, जो आमच्या मंडळीतला नव्हताच, नुसता दाराशी प्रसादाच्या आशेनं उभा होता, तोही उपरण्यानं डोळे पुसू लागला. आणि त्या सगळ्यांत तो माझ्या ओळखीचा हुंदका.

खरं सांगतो, मला आधी लाज वाटली नाही. आधी हेवाच वाटला. अगदी कडकडून वाटला. कारण ते कार्ड माझं होतं! ते चार शब्द माझे होते, ते हुंदके माझे होते, मी जर एक जानेवारीला गप्प बसून आपलं ते आपलं म्हणून घेतलं असतं तर आज मी तिथे उभा असतो. माझंच वचन घेऊन रूपसिंगनं मला हरवलं, आणि ते वचन त्याच्या हातात मीच दिलं होतं. हे कळलं आणि मग लाज वाटली. एकदा वाटायला लागली ती थांबेना.

मी अजून उभाच होतो. चार पानं हातात होती. चौथ्या पानावर या प्रसंगासाठी काही लिहिलेलं नव्हतं. मी ती पानं भोपळ्याजवळ ठेवली.

"हाई पानी मन्हं नही," मी म्हणालो. आवाज मला माझा वाटेना. ट्रेनिंग कॉलेजच्या आधीचा कुणाचा तरी होता. "वचन बी मन्हं नही. रूपसिंगनं शे. त्याले वाचता येत नही म्हनीसन मी त्याले मन्हं कार्ड दिधं, आनि त्यानं मी ठी लिधं. मी चोर शे."

मी रूपसिंगकडे बघायचं धाडस केलं. तो कार्ड उलटंसुलटं करून बघत होता, जणू आता तरी त्यातलं काही वाचता येईल. मग त्यानं डोकं खाजवलं.

"मंग मन्हं वचन पानीनं व्हतं?"

"हो."

"कोल्ली जमीनमा पानी?"

"हो, रूपसिंग."

तो विचारात पडला. आणि मग त्याच्या तोंडावर ते हसू आलं, जे बिबट्या निघून गेल्याचं सांगताना यायचं. "मंग ते बी पुरं व्हयनं ना, मास्तर! कोल्ली हिरमा पानी मीच टाकं. दोन्ही वचनं पुरी व्हई गयात!" आणि तो मंडळीकडे वळून दोन्ही हात वर करून ओरडला, "देवना आभार! एक साल, दोन वचनं!"

अख्खी मंडळी उठून उभी राहिली आणि गाऊ लागली. पाळकसाहेब वहीत माझं पान आणि रूपसिंगचं पान यांच्यामध्ये लेखणी धरून अडकले होते. शेवटी त्यांनी दोन्ही पानांवर रूपसिंगचं नाव लिहिलं. कबुली माझी, आणि साक्ष पुन्हा त्याचीच! उपासना संपल्यावर लोकांनी त्याला घेरलं. मला कोणी बोललं नाही असं नाही. नानीबाईंनी बरणी परत दिली आणि मासोळी नदीत सोडायला सांगितलं.

ती सोडून आम्ही दोघं नदीवरून परत येत होतो. मोगरा पुढे, मी मागे. तिचे डोळे लाल होते. मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ओढ्याजवळ पोचेपर्यंत कसंबसं पाळलं.

"रूपसिंगनं फार चांगली साक्ष दिली," मी म्हणालो. "रडलीस तू."

"रडले."

"माझ्या वेळी नाही रडलीस."

"नाही." ती थांबली. मी घरात शुद्ध मराठीचा नियम घातला होता आणि अकरा वर्षं तिनं तो पाळला होता. आता तो तिच्या ध्यानात नव्हता. "तुम्ही बोली ऱ्हायनात ना, 'मी चोर शे', तव्हय मले रडूच सुचनं नही. उठीसन तुम्हना हात धरू, असं व्हई गयं मले. पन बायास्नी बाजू येगळी शे ना."

आणि ती पुन्हा चालायला लागली. मी तिच्या बरोबरीनं आलो. रूपसिंगचा हात धरावा असं तिला आजवर कधीही वाटलेलं नाही, याची मी घर येईपर्यंत दोनदा विचारून खात्री करून घेतली.